पिवळा

नगररचनाच्या जिन्यात नकाशा टांगलाय,
टाचण्या गंजलेल्या, एक कोपरा पंख्यानं फडफडतो.
माझा गाळा शोधायला चष्मा पुसावा लागला.
नाल्याच्या अलीकडे, भुईकाट्याच्या मागं,
कालपर्यंत जांभळं होतं सगळं.
जांभळं म्हणजे उद्योग.
पिवळं म्हणजे राहणं.
सूचीत तसं लिहिलंय, बारीक अक्षरात.
म्हणजे इतकी वर्षं
आम्ही तिथे राहत नव्हतो.

पिवळं आम्हाला नवं नाही.
तुरीची सालं काढून काढून
या वसाहतीतली कुत्रीसुद्धा पिवळी झालीत,
सुग्राबाई तडवीच्या पापण्या,
घिसूलालजींच्या रोजकीर्दीच्या कडा,
चहावरची साय.
पण ते पिवळं झटकलं की उडतं.
हे छापलेलं आहे.

मी डाळ करत नाही.
डाळ करणाऱ्या गिरण्यांचे रोल
झिजून माझ्याकडे येतात, गुळगुळीत,
म्हाताऱ्याच्या हिरडीसारखे.
मी कुरुंदाचा नवा थर चढवतो, त्यांना दात देतो,
अंगणात तीन दिवस वाळवतो.
जळगावचं ऊन या धंद्यात भागीदार आहे,
हिशेब मागत नाही म्हणून बरं.
शाफ्ट रऊफ पिंजारीच्या लेथवरून येतो,
हातगाडीवर, दोनशे पावलं.
नवी जागा बावीस किलोमीटरवर मिळेल म्हणतात.
मिळेलही.
दोनशे पावलांचं भाडं कोणत्या रकान्यात लिहू?

हरकतीला मुदत तीस दिवस.
‘हरकतीचा थोडक्यात तपशील’,
आणि खाली दोन ओळी, ठिपक्यांच्या.

सुनावणीला एकोणीस जण जायचं ठरलं होतं.
गेलो सात.
घिसूलालजींचा फोन लागेना.
पिवळ्यानं त्यांची जमीन एका रात्रीत चौपट झाली,
आणि राग करावा तर
पंचवीस वर्षांत या माणसानं
माझं एक बिल थकवलेलं नाही.

तलरेजा चटईवाला कागद आणून मुद्देसूद बोलला,
कामगार किती, वीजबिल किती, कर किती.
रऊफ उठला, मान पुसली, म्हणाला,
‘आते कथा जावानं, साहेब?’
आणि बसला.
लिपिकानं त्याचं काय लिहून घेतलं, कळलं नाही.

मग मी.
अधिकारी भला माणूस, आधी पाणी विचारलं.
फाइल उलटी करून माझ्यापुढे सरकवली:
नाल्यापलीकडच्या रहिवाशांची तक्रार.
रात्रीचा आवाज. गच्चीवर भुकटी.
लहान मुलांना खोकला.
सह्या चौदा.
पाचवी ओळखीची निघाली, झ ची शेपटी लांब ओढलेली.
पल्लवी हेमंत झोपे.
माझी सून.
फ्लॅट मीच घेऊन दिलाय, रोलच्या पैशानं,
तिसरा मजला, हवेशीर म्हणून.
तीन मिनिटं होती बोलायला.
मी एवढंच म्हणालो
की खोकला खरा आहे.

रात्री जेवायला मी तिकडेच असतो, ही गेल्यापासून.
कुणी विषय काढला नाही.
पल्लवीनं न मागता शेवभाजीचा रस्सा आणखी वाढला
आणि वाटीकडेच बघत राहिली.
नातू झोपला होता, तोंड उघडं टाकून.

नऊला परत गाळ्यावर आलो.
पाचोऱ्याचे दोन रोल सोमवारी द्यायचेत,
शब्द गेलाय.
तलरेजाच्या नापास मालातल्या चार चटया पडून होत्या,
त्या दुहेरी करून मशीनच्या पायाखाली सारल्या,
खिडकीला पोती ठोकली.
बटण दाबलं.
आवाज आला, पण बुजलेला,
उशीत तोंड घालून कुणी बोलावं तसा.
बाहेर येऊन पाहिलं
तिसऱ्या मजल्यावर दिवा लागतोय का.
बराच वेळ पाहिलं.
डास चावायला लागले तसा आत गेलो.
बारापर्यंत एक रोल झाला.
दुसरा चढवला.